तासभर थांबायला सांगा

आमचे अध्यक्ष दोरी लावून खाटा सरळ करून घेत. त्यांची सगळी नोकरी भिंगारच्या लष्करी गोदामात झालेली. तिथं पेट्या रचत तशाच त्यांना खाटा हव्या असत. दोरीचं एक टोक शिपायाच्या हातात, दुसरं माझ्या हातात. स्वतः उंबऱ्याबाहेर उभे राहून, एक डोळा मिटून, "तिसरी दोन बोटं मागं" असं सांगत. तिसऱ्या खाटेवर कोण आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. खाट हलली की वरचा माणूस कण्हे. अध्यक्ष म्हणत, "हां, आता बसली."

नगरबाहेरची ती आमची संस्था. डॉक्टरांनी हात टेकलेत आणि घरी करायला कुणी नाही किंवा ऐपत नाही, अशा माणसांना आम्ही शेवटपर्यंत सांभाळत असू. मी तिथं मेट्रन होते. सगळे मला नुसतं 'बाई' म्हणत. आमच्याकडून कुणी बरं होऊन जात नसे, हे झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्ष मात्र दर भाषणात सांगत, "आमच्याकडून रुग्ण हसतमुखाने घरी जातो." हे वाक्य त्यांनी पूर्वी कुठल्या तरी प्रसूतिगृहाच्या उद्घाटनाला म्हटलं असावं. पाठ होतं, म्हणून इथंही चालवलं.

"संस्था दिसली पाहिजे," हा त्यांचा मंत्र. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे टँकरनं पाणी यायचं. चादरी धुवायला पुरायचं नाही. पण फाटकापासून पायरीपर्यंतच्या कुंड्यांना रोज पाणी घालायचं, असा लेखी हुकूम होता. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "बाई, चादर आत असते. कुंडी बाहेर असते." मी कुंड्यांचं पाणी गुपचूप अर्ध्यावर आणलं. शेवंती वाळली, तेव्हा त्यांनी माळ्याला बोलावून झापलं.

कार्यकारिणीची बैठक ते मन लावून घेत. एकदा मी विषय मांडला, की दुखणं थांबवायची इंजेक्शनं महिनाअखेरीला संपतात आणि माणसं ओरडत पडतात. अध्यक्षांनी मान हलवली. "विषय भावनिक आहे. पुढच्या बैठकीत शांतपणे घेऊ." मग फाटकावरच्या पाटीची अक्षरं निळी असावीत की लाल, यावर दोनदा चहा येईपर्यंत चर्चा झाली. निळी ठरली. बाकीचे सभासद भले होते. पण भलेपणानं हात वर करण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही.

आमच्याकडची बहुतेक माणसं खेड्यापाड्यातली. अखेर जवळ आली की ती म्हणायची, मला खाली घ्या. खाटेवर जीव जाऊ द्यायचा नाही, भुईवर जावा, ही त्यांची रीत. आम्ही फरशी पुसून घोंगडी अंथरायचो, त्यावर माणसाला अलगद उतरवायचो, तोंडात तुळशीपान ठेवायचो. यात ना खर्च होता ना कुणाला त्रास. पण पुण्याच्या एका पाहुण्यानं एकाला खाली निजलेलं पाहिलं आणि विचारलं, "खाटा कमी पडतात का हो?" झालं. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला, की कोणत्याही परिस्थितीत रुग्णास जमिनीवर ठेवू नये.

तेव्हा आमच्याकडे तिसगावच्या गयाबाई होत्या. पोटात गाठ, हातापायांच्या काड्या, पण डोकं शेवटपर्यंत शाबूत. त्यांचा मुलगा भानुदास दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. आई जाते असा निरोप मिळाल्यावर येऊन बसला होता. सकाळी तो माझ्याकडे आला. "बाई, आई पहाटंपासनं भुईवर घ्या म्हनती. आमच्यात खाटंवर जीव जाऊ देत न्हाईत. तिनं माज्याकडून वचन घेतलंय." मी जाऊन पाहिलं. वेळ थोडाच होता. गयाबाईंनी माझं मनगट धरलं. "बाई, हितं टांगल्यावानी हुतंय. मला टेकू द्या."

नेमके त्याच दिवशी पुणतांब्याचे एक बागायतदार देणगी द्यायची की नाही ते ठरवायला संस्था बघायला येणार होते. अध्यक्ष नवा कोट घालून व्हरांड्यात उभे होते. मी त्यांना सांगितलं, की गयाबाईंना खाली घ्यावं लागेल. त्यांनी घड्याळ बघितलं.

"पाहुणे येतायत. तासभर थांबायला सांगा."

"कुणाला सांगू?"

"तुम्ही मेट्रन आहात. बघा काहीतरी."

मी बघितलं. आयाला हाक मारली, फरशी पुसली, घोंगडी टाकली. एका बाजूनं भानुदास, एका बाजूनं मी, असं गयाबाईंना खाली घेतलं. पाठ टेकल्याबरोबर त्यांनी लांब श्वास सोडला आणि दोन्ही तळवे फरशीवर पालथे ठेवले.

अध्यक्ष पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवत होते, मग न्हाणीघर, मग पुन्हा स्वयंपाकघर. बागायतदार कंटाळले आणि त्यांना मागे टाकून सरळ आत आले. दारातच थबकले. वहाणा काढल्या, टोपी काढली, भिंतीशी उभे राहिले. गयाबाई गेल्या तेव्हा ते तिथंच होते. मग हळू आवाजात म्हणाले, "भुईवर घेतलं, लई बरं केलं. दवाखान्यात कुठं कोन एवढं बघतं?"

मागून अध्यक्षांचा आवाज आला, "आमच्याकडे ही पद्धतच आहे. मी मुद्दाम सुरू केली."

देणगी मिळाली. पुढच्या बैठकीत ठराव झाला, की मरणासन्न रुग्णास त्याच्या रीतीप्रमाणे जमिनीवर घ्यावे; सूचक, अध्यक्ष. त्याच बैठकीत मला मेमो दिला, कारण घटनेच्या दिवशी आधीचा हुकूम लागू होता आणि मी तो मोडला होता. बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "मनावर घेऊ नका. शिस्त म्हणून द्यावा लागतो." मी मनावर घेतला नाही. ठराव झाला, तेवढं मला पुरे होतं.

दोन वर्षांनी त्यांना याहून मोठ्या संस्थेवर बोलावणं आलं. निरोप समारंभात प्रत्येक वक्त्यानं त्या ठरावाचं कौतुक केलं, एकजण तर डोळे पुसत बोलला. अध्यक्ष मान खाली घालून नम्रपणे ऐकत होते. गाडीत बसताना मी त्यांना विचारलं, "साहेब, गयाबाई आठवतात का?"

त्यांनी जरा विचार केला. "गयाबाई... ती स्वयंपाकीण ना? चहा चांगला करायची. माझा नमस्कार सांगा तिला."

सांगते, म्हटलं आणि आत गेले. पुरुषांच्या खोलीत एका म्हाताऱ्याला खाली घ्यायचं होतं.