नव्व्याण्णव म्हशींचं गाव

साहेबांनी माझ्या बहिणीच्या गावाचं नाव यादीतून खोडलं आणि पेन खिशाला लावलं. तिथं चारा छावणी नको म्हणाले. यादी संध्याकाळी वर जायची होती. बहीण वैजापूरकडं राहायची. पाऊस लागोपाठ हुकलेला, दावणीला दोन म्हशी, कडबा संपलेला. छावणी नसली तर म्हशी मरणार, एवढं साधं होतं.

मी त्या दुष्काळ पाहणीच्या ऑफिसात चहापाणी बघायचे. विचारलं, "साहेब, माझ्या बहिणीचं गाव का खोडलं?"

"मावशी, त्या गावात घरटी नव्व्याण्णव म्हशी आहेत."

मला हसू आवरेना. हातातल्या ट्रेमधले कप वाजायला लागले. कॉम्प्युटरवर बसणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. तिनं परत पाहिलं आणि म्हणाली, "खरंच मावशी. माणसंही घरटी नव्व्याण्णव. सगळ्यांची वयंसुद्धा नव्व्याण्णव. एक तुमची बहीणच गरीब. दोन म्हशी, एक माणूस."

"दोन म्हशीवाल्या गरिबाला तर द्या छावणी," मी म्हणाले.

मॅडम हसता हसता थांबली. कपाळावर हात मारून म्हणाली, "साहेब, ही कुलपं आहेत."

पाऊस नाही म्हणून गाव ऊसतोडीला गेलेलं. पाहणीवाल्यांना जे घर बंद मिळालं, त्याच्यापुढं त्यांनी नव्व्याण्णव लिहिलं. जुन्या कॉम्प्युटरला ते सांगून ठेवलं होतं, की हा आकडा मोजायचा नाही, घर बंद आहे असं समजायचं. नवा कॉम्प्युटर वेगळ्या जातीचा आला. मॅडमनं घाईत नुसते आकडे त्यात नेले, अर्थ तिकडंच राहिले. घर बदलताना डबे आणावेत आणि वरच्या चिठ्ठ्या जुन्या घरी राहाव्यात, मग रवा समजून धुण्याचा सोडा भाजावा, तसं झालं. ज्या गावात कुलपं जास्त, ते गाव श्रीमंत ठरलं.

साहेब म्हणाले, "मग नव्व्याण्णव पुसून टाका."

"प्रत्येक रकान्यात वेगळं आहे साहेब. कुठं नऊ म्हणजे कुलूप, कुठं खरीच नऊ माणसं. ते जुन्या मशीनलाच ठाऊक."

जुनं मशीन साहेबांनी परवाच गुलमंडीजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानदाराला देऊन टाकलं होतं.

मी आणि मॅडम रिक्षात बसलो. दुकानदार त्याच मशीनवर डबा ठेवून जेवत होता. म्हणाला, "बिक गया समझो खाला, कल गाहक आता."

"गाहकाला सांगा, आतल्या म्हशी न्यायच्या राहिल्यात," मी म्हणाले. त्यानं घास तसाच धरून मॅडमकडं पाहिलं. मॅडम काउंटरला धरून हसत होती. त्यानं डबा उचलला.

येताना मशीनचा पडदा माझ्या मांडीवर, पेटी मॅडमच्या. शहर वाढत होतं, म्हणून रस्ते खोदलेले. नळ टाकले होते, पाणी नव्हतं. प्रत्येक खड्ड्यात आम्ही दोघी उडायचो. रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, टीव्ही घेतला व्हय?"

"नाय, गोठा घेतला."

मॅडमला उचकी लागली ती ऑफिसापर्यंत.

जुनं मशीन कण्हत सुरू झालं. मॅडमनं या वेळी फाईल दोन्ही मशीनला वाचता येईल अशी बांधली. रकान्यांची नावं, आकड्यांचे अर्थ, कुलपं, सगळं बरोबर घेतलं. नव्या पडद्यावर नव्व्याण्णवच्या जागी 'घर बंद' आलं. साहेब बोट ठेवून वाचत गेले. घर बंद, घर बंद, घर बंद, मध्येच माझी बहीण, परत घर बंद. वाचता वाचता त्यांचं बोट हळू झालं. मग त्यांनी खोडलेलं नाव परत लिहिलं, सगळ्यात वर. मला म्हणाले, "चहा आणा मावशी."

"कुणाच्या दुधाचा?" मी विचारलं. तेही हसले.

पुढं बहीण भेटली तेव्हा तिला सांगितलं, की तुझ्या गावात घरटी नव्व्याण्णव म्हशी निघाल्या होत्या.

ती म्हणाली, "मंग शेण कोन काढत व्हतं?"

छावणी उघडली. थोरली म्हैस तिथं आठवडाभरात मेली. धाकटी जगली. बहीण जगली.