ठकुबाईच्या खोलीचे पाटे

बायकोचं वजन किती, हे तुम्ही गॅरेजमध्ये दहा पुरुषांसमोर मोठ्यानं सांगाल का? नाही ना? मग भिकाजीला हसू नका. त्याला सांगावं लागलं. तेही अंदाजानं, कारण बायकोला बघून त्याला तीन वर्षं झाली होती.

भिकाजी राजापूरकडचा. अल ऐनच्या बाहेर एका अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, खजुराच्या बागेत ड्रायव्हर. उंचीनं बेताचा, मिशी मात्र उंचीला न शोभणारी. कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं आणि एकदा दिलेलं मत तो परत घ्यायचा नाही. बागेतला पंप बिघडला तर पाकिस्तानी मेकॅनिकला शिकवायचा, डाळ शिजली नाही तर दगडूला. दगडू त्यांच्या खोलीचा आचारी. त्या खोलीत सहा माणसं, खाटांवर खाटा.

मी तेव्हा शहरात टायपिंग सेंटरमध्ये बसायचे. शाळा आठवीत सुटलेली, अरबी फॉर्म बघून बघून शिकले. नव्व्याण्णव सालच्या थंडीत भिकाजी आला, खुर्चीवर ताठ बसला आणि म्हणाला, "ताई, ठकूचा व्हिजिट व्हिसा काढायचाय. अरबाब स्पॉन्सर करतोय."

"अरे वा! आणि ती राहणार कुठे?"

भिकाजीची मिशी खाली आली.

माझं डोकं फिरलं. या देशातल्या भिंती आपली माणसं उभी करतात आणि आपल्याच बायकोशी दार लावून बोलायला त्यांना चार भिंती मिळत नाहीत. मराठी मंडळातल्या तीन घरी मी फोन केला. एकीकडे मुलांच्या परीक्षा, दुसरीकडे सासूबाई येणार, तिसरी म्हणाली, "ड्रायव्हर ना? बिल्डिंगमधले काय म्हणतील?" तो फोन मी आपटला. सेंटरच्या मालकानं रिसीव्हर तपासून पाहिला.

मग चार दिवसांनी भिकाजी उड्या मारत आला. "ताई, खोली मिळाली! चाकांवर!"

अरबाबाच्या बागेत एक गोरा तेल-इंजिनिअर देश सोडताना आपला कॅम्पर टाकून गेला होता. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवायची अख्खी खोली. आत शेगडी, नळ, छोटं टेबल, खिडकीला फुलाफुलांचा पडदा आणि ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला दोघांचा बिछाना. त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. अरबाब म्हणाला, "ठकुबाई असेपर्यंत खोली तुझी, पिकअप माझी. पिकअपला काही झालं तर खलास."

आणि व्हायला तर लागलंच होतं. साऱ्यांनी मिळून खोली हौद्यात चढवली तशी पिकअप बकरीसारखी मागच्या पायांवर बसली. दिवे लावले तर उजेड खजुराच्या शेंड्यावर. अरबाबानं हात वर करून सांगितलं, आधी गाडी मजबूत करा, मग खोली चढवा. हे वजन घेऊन ती गॅरेजलाही जाणार नाही.

म्हणून शुक्रवारी जेवणं उरकून सगळी फौज रिकामी पिकअप घेऊन सनैयात, म्हणजे गॅरेजच्या वस्तीत, मुनीरच्या दारात हजर. मुनीर पेशावरचा. त्यानं हात पुसत विचारलं, "कमरे का वजन कितना?"

कुणालाच ठाऊक नाही. खोलीवरची वजनाची पाटी कोंबड्यांनी वाचण्याच्या पलीकडे नेलेली.

मुनीरनं दोन वाटा सांगितल्या. एक तर मागच्या चाकांवर भार झेलणारे जे लोखंडी पाटे असतात, त्यांत भर घालायची. नाहीतर पाट्यांच्या जोडीला रबरी पिशव्या बसवायच्या, लागेल तेवढी हवा भरायची, खोली उतरवली की हवा सोडायची.

"हवा?" भिकाजी उसळला. "मी बायकोला हवेवर झोपवू? फुटली म्हणजे? पाटे घाल. जाड घाल!"

"कितने?"

इथे भिकाजीला ती कल्पना सुचली. खोली उचलताना आठ जण घामाघूम झाले होते. तर खोलीच्या वजनाची माणसंच हौद्यात बसवायची आणि गाडी किती दबते ते बघायचं. आमच्या माणसांना वजनकाट्यापेक्षा एकमेकांवर विश्वास जास्त. दहा जण मटण-भात खाऊन हौद्यात चढले. दगडूला दोन धरायचं की एक, यावर भांडण झालं.

"मी हाडानं जड आहे," दगडू म्हणाला.

"हाड कुठं दिसतंय का त्यात!" मागून कुणीतरी म्हणालं.

मुनीर चाकाजवळ बसून वितीनं अंतर मोजत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "और भाभीजी का?"

हौद्यातले दहाही जण भलतीकडे बघायला लागले. भिकाजी कानापर्यंत लाल.

"चाळीस किलो असेल," तो पुटपुटला. मग अभिमान जागा झाला. "नाय, पन्नास लिही. खात्यापित्या घरची आहे."

दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे पडले. दहा जणांना घेऊन भिकाजीनं सनैयाला फेरी मारली. गाडी जागची दबली नाही, डुलली नाही. भिकाजी आठवडाभर येईल-जाईल त्याला वाकून पाटे दाखवायचा. लोकांनी नव्या घराची वास्तुशांत केली तरी एवढं मिरवत नाहीत.

ठकुबाई आली त्या दिवशी सकाळी खोली चढवली, शेगडीशेजारी भांडी लावली, तांदळाची पिशवी ठेवली आणि आम्ही दुबईच्या विमानतळाकडे निघालो. व्हिसाचा मूळ कागद माझ्याकडे होता. रस्त्यात गाडी डावी-उजवीकडे झुलायला लागली.

"वारा आहे, ताई," भिकाजी म्हणाला.

मी बाहेर बघितलं. रस्त्याकडेच्या खजुराचं पान हलत नव्हतं.

ठकुबाई बाहेर आली ती फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा पोटाशी धरून. चाळीसही नाही नि पन्नासही नाही, चांगली धट्टीकट्टी बाई. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. भिकाजी तीन वर्षांनी काय बोलला? "प्रवास बरा झाला ना?" जसा मंडळाचा सेक्रेटरीच.

गाडीत ती मधे, मी खिडकीशी. गिअर बदलताना भिकाजीचा हात तिच्या गुडघ्याला लागायचा आणि तो दर वेळी म्हणायचा, "सॉरी."

"असूं दे हो," ठकुबाई हळूच म्हणाली. मी खिडकीबाहेरचे उंट बघत राहिले. उंट नव्हते, तरी बघत राहिले.

अल ऐनपर्यंत निभलं. पण अल ऐन म्हणजे गोल चौकांचं गाव. एक चौक संपला की दुसरा. पहिल्याच चौकात गाडी डावीकडे वळली आणि मागची खोली उजवीकडे कलंडायला निघाली.

"अवो, मागं कोण आहे? कोणतरी भांडी फेकतंय!"

"कोण नाय. खोली आहे आपली."

दुसऱ्या चौकात भिकाजीनं वरातीच्या गतीनं गाडी घातली. मागच्या लँड क्रूझरमधला पोरगा हॉर्न दाबून ओरडला, "यल्ला, यल्ला!" तिसऱ्या चौकानंतर रस्त्यावर उंचवटा आला. दहा माणसांसाठी घातलेले ते पाटे लवायला तयार नव्हते. गाडी उडाली, आम्ही उडालो, मागे तांदूळ सांडल्याचा आवाज आला. ठकुबाईनं डबा माझ्या हातात दिला आणि तोंडावर पदर धरला.

बागेत पोचल्यावर ती उतरली, झाडाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ही खोली नाय, होडी आहे. मला होडी लागते. मी यात निजायची नाय."

"अगं, उभी असताना हलत नाय!"

ठकुबाईनं खोलीच्या भिंतीला तळहात टेकून ढकललं. खोली डुलली. आतलं एक पातेलं उरलेल्या तांदळावर पडलं.

मी तिला माझ्या घरी नेलं. म्हणजे दोन नर्सांबरोबर वाटून घेतलेल्या हॉलमध्ये. तिथे पुरुषाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी नाही. भिकाजी दारात चपला हातात घेऊन उभा राहिला, मग गेला. बायको आली, पण मिळाली नर्सांना.

दुसऱ्या दिवशी मी ठकुबाईला घेऊन गॅरेजमध्ये पोचले तर खोली उतरवून आणलेल्या पिकअपशेजारी भिकाजी मुनीरला सांगत होता, "अजून एक पाटा घाल."

"पाटे वाढवून हिची मळमळ जाणार आहे का?" मी ओरडले. आजूबाजूच्या गॅरेजमधली हातोडी थांबली. "त्या शुक्रवारी दहा माणसं बसवलीत ती खाली बसली होती, कठडा धरून, वळणावर अंग सावरून. खोली सावरते का अंग? ती ताडासारखी उभी आहे!"

मुनीर डोकं खाजवत म्हणाला, "बात तो सही है. गलती मेरी भी." खोली दहा जणांपेक्षा हलकी निघाली होती, फक्त उंच होती. त्याला पाटे कमी हवे होते, शॉकअप कडक हवे होते आणि दोन चाकांना जोडणारा एक लोखंडी दांडा हवा होता, म्हणजे एक बाजू कलली की दुसरी तिला ओढून धरते. तसा दांडा शेजारच्या भंगारात एका मोठ्या गाडीखाली लोळत होता. "पर पहले एक-एक पट्टा निकालना पड़ेगा," मुनीर म्हणाला आणि भिकाजीकडे बघत बसला.

भिकाजीच्या खोलीतले सगळे तिथे जमले होते. ज्यांना ज्यांना पाटे वाकून दाखवले होते, ते सगळे. भिकाजीनं मिशीवर हात फिरवला. ठकुबाई एका टायरवर बसली होती, तोंड अजून उतरलेलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"काढ," तो पुटपुटला.

"क्या?" मुनीरनं मुद्दाम कानाला हात लावला.

"काढ! एकेक पाटा काढ! माझं चुकलं!"

"म्हणजे आम्ही मटण खाऊन बसलो ते फुकट?" दगडू म्हणाला. सगळं गॅरेज हसलं. पण पहिला हसला भिकाजी, आणि त्याचं हसणं बघून ठकुबाई पदरात तोंड घालून हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

संध्याकाळच्या आत दांडा बसला. बागेत नेऊन परत खोली चढवली. ठकुबाईनं आधी तळहातानं ढकलून बघितलं, मग खांद्यानं, मग दगडूला ढकलायला लावलं. खोली उभी. भिकाजीनं एका गोल चौकाला फेरी मारून आणली, तिच्या मांडीवर पाण्यानं भरलेला पेला देऊन. पेला थोडा सांडला. "चालेल," ती म्हणाली.

बागेच्या टोकाला खजुरांच्या सावलीत गाडी लागली. दगडूनं खोलीवाल्यांना तंबी दिली की विहिरीच्या पलीकडे जायचं नाही. कुणी गेलंही नाही. दोन-चार दिवसांनी सकाळी मी फणसाचा डबा परत द्यायला गेले. पायरीखाली चपलांचे दोन जोड होते, फुलाफुलांचा पडदा ओढलेला होता आणि आत भिकाजी कुठल्यातरी विषयावर ठाम मत देत होता. ठकुबाई म्हणत होती, "नाय ओ, तुमचं चुकतंय." डबा पायरीवर ठेवून मी मागे फिरले.

ती गेल्यावर त्या कॅम्परसाठी तीन माणसं माझ्या सेंटरमध्ये आली. तिघांच्याही बायका येणार होत्या. तोवर अरबाबानं पिकअप खोलीसकट विकली होती. मी पुन्हा फोन लावायला बसले, आणि पुन्हा परीक्षा, पुन्हा सासूबाई.

तर मंडळी, तुम्ही फ्लॅटमध्ये राहता. तुमच्याकडे एक खोली आहे, जिथे इस्त्रीचे कपडे, सूटकेसी आणि न वापरलेली व्यायामाची सायकल पडलेली असते. सायकल बाल्कनीत ढकला. पुढच्या वेळी कुणा ड्रायव्हरची, कुणा गवंड्याची बायको येणार म्हणून माझा फोन आला, तर सबब सांगू नका. खोली द्या, दाराला आतून कडी आहे ना तेवढं बघा, आणि बिल्डिंगमधल्यांनी काही विचारलंच तर माझ्याकडे पाठवा.