फळ्यांना तेल दिलं तो आठवडा

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर एक लाकडी डेक आहे. माझे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या पाइनच्या फळ्या त्यांनी विकत आणल्या आणि मुलगी दहावीत होती त्या वर्षी दर रविवारी बसून हा डेक उभा केला. खाली विटांचे ठोकळे, त्यांवर वासे, वर फळ्या. शेजारच्या मावशी त्याला फळ्यांचा ओटा म्हणतात. त्यांचा फुलांचा मळा आमच्या कुंपणाला लागूनच आहे.

पाइन काही पाण्याला टिकणारं लाकूड नाही. दर मे महिन्यात फळ्या धुऊन, घासून त्यांना अळशीचं तेल द्यावं लागतं. ते काम ह्यांचं होतं.

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी, एका सकाळी पोहे खाताना, ते म्हणाले की मला काही दिवस एकटं राहायचंय. माझं काही चुकलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. कारखान्याच्या जवळ एक खोली भाड्याने घेऊन ते तिथे राहायला गेले. नातेवाइकांनी दुसरी बाई शोधायचा बराच प्रयत्न केला, माझ्या भावाने तर दोनदा त्या खोलीवर चक्कर मारली. बाई नव्हती. असती तर मला रडता तरी आलं असतं असं वाटायचं. मी शाळेच्या वाचनालयात कामाला होते, तिथे जात राहिले. पुस्तकांवर शिक्के मारायचे, घरी यायचं, वरणभात करायचा. एवढंसं लागायचं की कुकर काढायचाही कंटाळा येई.

पहिली दोन वर्षं मे महिन्यात ते आले, तेल देऊन गेले. पाणी प्यायले, जेवले नाहीत. तिसऱ्या वर्षी आले नाहीत आणि मीही फोन केला नाही. त्या पावसाळ्यात फळ्या फुगल्या, हिरव्या पडल्या. श्रावणात एका सकाळी कपडे वाळत घालताना एक फळी माझ्या पायाखाली मोडली आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पोटरीत गंजलेला स्क्रू घुसला होता. मी पाय काढला, नळाखाली धरला आणि उरलेले कपडे वाळत घातले. मग दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. दुखलं असणार. मला आठवतं ते एवढंच की चादरीचं एक टोक रक्ताने खराब झालं होतं.

मुलगी बंगळुरूला असते. फोनवर ती म्हणाली, तो डेक काढून टाक आणि तिथे फरशी घाल. मी बरं म्हटलं आणि काहीच केलं नाही.

दिवाळी झाली आणि आभाळ भरून यायला लागलं. एका शुक्रवारी मावशी कुंपणापाशी आल्या. त्यांच्या घरचे सगळे शेवंती खुडायला लागले होते, कळ्या नीट उमललेल्या नसतानाही. मंगळवारपासून अवकाळी पाऊस सांगितलाय, म्हणाल्या. मग डेककडे बघत म्हणाल्या, "ह्या पावसात ओटा नाय टिकायचा बाई. लय कुजलाय."

त्या गेल्यावर मी एकटीनेच डेकवरच्या कुंड्या हलवायला घेतल्या. प्रत्येक कुंडीखाली काळं ओलं वर्तुळ होतं. दोन फळ्यांमधल्या फटींत पानं आणि माती घट्ट बसली होती, ती जुन्या सुरीने उकरून काढली. संध्याकाळपर्यंत सगळा डेक साबण लावून ब्रशने घासला. तेल कसं द्यायचं ते मात्र माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ते दारातून नुसतं बघितलं होतं.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. हे उभे होते. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्यात तेलाचा डबा. मुलीने त्यांना पायाचं सांगितलं होतं, तेही आदल्या दिवशी. ते बारीक झाले होते. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. मनात काहीतरी हलेल असं वाटून क्षणभर थांबले, पण काही हलत नव्हतं.

त्यांनी पायाकडे पाहिलं, बरा झाला का विचारलं. झाला म्हटलं. मग ते पालथे झोपून बॅटरीने डेकखाली बघत राहिले. वासे शाबूत होते, वाळवी नव्हती, फक्त पाण्याची वाट तुंबली होती. ती मोकळी केली. तीन फळ्या बदलायला लागणार होत्या; डेक केला तेव्हाच्या उरलेल्या फळ्या माळ्यावर होत्या. जुने स्क्रू निघेनात, तेव्हा मी फळी दाबून धरली आणि त्यांनी ते कापून काढले. दुपारी मी पिठलं-भाकरी केली. या वेळी ते जेवले.

सोमवारी ते पुन्हा आले. मी रजा टाकली. ऊन चांगलं होतं, फळ्या वाळल्या होत्या. त्यांनी काचकागदाने घासायचं, मी मागून धूळ पुसायची, असं चाललं होतं. मग तेलात थोडं टर्पेंटाइन घालून त्यांनी मला फडकं दिलं आणि सांगितलं की लाकडाच्या रेषेच्या दिशेने चोळ, जास्त साचू देऊ नको. दोघं दोन टोकांकडून सुरुवात करून मधे येत गेलो. शेवटच्या दोन फळ्या उरल्या तेव्हा ते बोलले.

"तिथे गेल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही."

"इथेही नाही," मी म्हटलं.

ते बराच वेळ एकाच जागी फडकं फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत येऊ का?"

तीन वर्षं हा प्रश्न मी मनात कितीदा ऐकला होता. कधी त्यांना हाकलून दिलं होतं, कधी खूप बोलले होते. आता समोर आला तेव्हा माझ्या हाताला तेल लागलेलं होतं आणि चिकट हातांनी कपाळावरचे केस कसे बाजूला करायचे एवढाच विचार डोक्यात होता.

"मला काही वाटत नाहीये हो," मी म्हटलं. "आनंद नाही, रागही नाही. असं चालणार असेल तर या."

त्यांनी मान डोलावली. तेलाची फडकी एकावर एक ठेवायची नाहीत, पेट घेतात, असं सांगून त्यांनी ती कुंपणाच्या तारेवर सुटी सुटी वाळत टाकली आणि हात धुऊन निघून गेले.

पाऊस मंगळवारी दुपारी आला आणि दोन दिवस थांबला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. पाणी फळ्यांवर थेंबाथेंबाने उभं राहत होतं आणि फटींतून खाली जात होतं. मावशींचा खुडायचा राहिलेला झेंडू आडवा झाला होता. त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांच्याकडे चहाचा थर्मास नेऊन दिला, कारण तेवढं मला करता येत होतं.

पौषात हे सामान घेऊन परत आले. पौषात कोणी घर बदलत नाही, असं माझी नणंद फोनवर म्हणाली. घर बदललंच कुठे, असं मी तिला सांगितलं. ते मुलीच्या खोलीत झोपतात. सकाळी फिरून येताना दूध आणतात, मी शाळेत जाते. आम्ही बोलतो ते भाजीबद्दल, गॅसबद्दल, मुलीच्या नोकरीबद्दल. पूर्वीही साधारण याच गोष्टी बोलायचो, फक्त तेव्हा त्याकडे लक्ष जात नसे.

परवा मुलीने फोनवर विचारलं, "आई, बरं वाटतंय का आता?" मी खोलीकडे पाहिलं. हे चष्मा लावून रेडिओचं झाकण खोलत बसले होते आणि छोटा स्क्रू हरवला म्हणून सतरंजी चाचपत होते. तो मला खुर्चीच्या पायाशी दिसत होता. मी तिला थांब म्हटलं आणि तो उचलून द्यायला गेले.