तफीदानं खबर दिली

इजिप्तमधल्या दमनहूरला आमच्या गल्लीत बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मी सामिहची आई. तफीदाला मूल नव्हतं. नवरा इराकला कामाला गेला. दोन वर्षं त्याची पत्रं आली, मग पत्रंही थांबली. तिला म्हणायचं काय? कुणा आगाऊ पोरीनं एकदा ‘बदकांची आई’ म्हटलं आणि तेच चिकटलं. चिडवायलाच म्हटलं होतं, पण तफीदाला ते आवडलं. खालून कुणी ओरडलं, "बदकांची आई आहे का घरात?" की ती खिडकीतून मान काढायची, "आई आहे, पोरं वर गच्चीत खेळतायत!"

ती सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची, मी तिच्या खाली. गच्चीच्या दाराच्या दोनच किल्ल्या होत्या, एक तिची, एक माझी. मी वर जायची ती फक्त धुणं वाळत घालायला. बाकी गच्ची तिचीच. वीस-बावीस बदकं, दहाबारा कोंबड्या, एक भांडखोर हंस. सकाळी भिजवलेले घेवड्याचे दाणे घेऊन ती बसायची. बदक गुडघ्यांत धरायचं, चोच उघडायची, अंगठ्यानं दाणे आत ढकलायचे आणि गळ्यावरून हात फिरवत खाली सरकवायचे. बदक फडफडलं की म्हणायची, "गिळ गं बाई, गिळ. अशा हडकुळीला कोण मागणी घालणार?"

गल्लीत कुणी बाळंत झाली की तिसऱ्या दिवशी तफीदाची कोंबडी दारात हजर. माझ्या तिन्ही बाळंतपणांत मी तिच्याच कोंबड्यांचा रस्सा प्यायले.

तिचा एक स्वभाव मात्र लोकांना खटकायचा. ती नियमानं चालायची. पावाच्या रांगेत कुणाला पुढे घुसू द्यायची नाही, आणि स्वतःही घुसायची नाही. पाणी सोडणाऱ्याला आम्ही पिवळ्याधमक बलकाची चार अंडी देऊन जास्तीचं पाणी घ्यायचो. ती अंडी तिच्याकडूनच विकत आणलेली, पण ती स्वतः कधी देत नसे. म्हणायची, "सरकार काही वेडं नाही. विचार करूनच सांगत असेल."

मग त्या हिवाळ्यात पक्ष्यांचा रोग आला. टीव्हीवर रोज तेच. घरात, गच्चीत पक्षी पाळायचे नाहीत. आहेत ते कापा. एखादा पक्षी आपोआप मेला तर ताबडतोब कळवा. पलीकडच्या खेड्यातली एक तरुण सून दवाखान्यात गेली ती गेलीच, असंही कानावर आलं.

गल्लीनं काय केलं? लपवलं. कोंबड्या पलंगाखाली गेल्या, बदकं न्हाणीघरात. पाववाल्याची बायको झकिया कोंबड्याच्या चोचीला दोरा बांधून ठेवायची. कोपऱ्यावरचे हाजी शलबी, त्यांची चाळीस कबुतरं. ते चहाच्या दुकानात सगळ्यांना विचारायचे, "कबुतरांना गच्ची बंद म्हणे. मग काय तळघरात उडवू?"

तफीदानंही बदकं कापली नाहीत. जीव झाला नाही तिचा. पण चार बायकांत ती स्पष्ट म्हणाली, "तोवर ठेवते. पण एक जरी आपोआप मेलं, तर मी जाऊन सांगणार. लेकराबाळांची गल्ली आहे."

"जा की," झकिया हसली. "बक्षीस देतील तुला."

आता माझं सांगते. त्या दिवसांत उंदीर फार झाले होते. माझा नवरा बय्यूमी म्हणायचा, विष ठेवू नकोस, वर जनावरं आहेत. मी त्याला न विचारता बाजारातून निळे विषारी गहू आणले, बशीत घातले, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवले आणि वर एक फरशीचा तुकडा टेकवला. तफीदाला सांगायचं राहून गेलं. म्हणजे सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती.

गुरुवारी सकाळी ती माझ्या दारात आली. ओठ पांढरे.

"तिघी गेल्या. काल धडधाकट होत्या, आज माना टाकून पडल्यात."

"थंडीनं गेल्या असतील," मी म्हटलं. खरंच, त्या क्षणी मला बशीची आठवण नव्हती.

"थंडीनं बदक मरतं होय गं?" तिनं काळा अंगरखा चढवला, ओढणीनं तोंड बांधलं. "मुलांना वर पाठवू नकोस. मी गुरांच्या दवाखान्याच्या ऑफिसला जाऊन येते."

ती जिना उतरली आणि मग मला आठवलं. वर गेले. फरशीचा तुकडा घसरलेला, बशी चाटूनपुसून साफ. कठड्यावरून खाली पाहिलं तर ती गल्लीच्या तोंडाशी गाडीची वाट बघत उभी होती. हाक मारली असती तर तिनं वर पाहिलं असतं. मी हाक मारली नाही. मला वाटलं, साहेब लोक येतील, तीन बदकं बघतील, जातील. बय्यूमी काय म्हणेल, तफीदा काय म्हणेल, याचीच जास्त भीती वाटली. मी बशी घेऊन खाली आले आणि राख लावून घासली.

दुपारच्या नमाजानंतर दोन गाड्या आल्या. पांढरे झगे, तोंडाला पट्ट्या, हातात काळी पोती. आमच्या गच्चीत गेले, आणि मग एकेक करत सगळ्या घरांत. पलंगाखाली बघायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. बायका किंचाळत होत्या, पिसं जिन्यावरून उडत खाली येत होती. पोत्यांतून आवाज येत होता, आणि ती पोती गाडीत आपटली की थोडा वेळ थांबत होता.

तफीदा त्यांच्या डॉक्टरच्या मागे मागे धावत होती. "माझी न्या ना! त्यांची कशाला? त्यांचं एकही मेलं नाही! आधी तपासा तरी!"

"मावशी, तपासणी नंतर," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "तुम्ही खबर दिलीत. कागदावर घर लिहीत नाहीत, गल्ली लिहितात."

हाजी शलबींचा कबुतरखाना कुऱ्हाडीनं फोडला. जी उडालेली होती ती सुटली. पण कबुतर जाणार कुठे? चार दिवस ती त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत होती. पाचव्या दिवशी झगेवाले परत येऊन जाळं टाकून गेले. हाजी दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

झकिया तफीदाच्या पायाशी थुंकली. "झालं समाधान? बदकांची आई म्हणे! सरकारची आई आहेस तू."

त्या दिवसापासून तफीदाच्या सलामाला कुणी जबाब दिला नाही. पाववाला तिला सगळ्यात शेवटी पाव द्यायचा, करपलेला. सणाला तिच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. आणि मी? जिन्यात ती भेटली तर मी बोलायची. खाली गल्लीत भेटली की ओढणी नीट करत दुसरीकडे बघायची.

तीन आठवड्यांनी तिला ऑफिसात बोलावून तपासणीचा कागद दिला. दवाखान्यातल्या शिपायाकडून गल्लीला त्याच संध्याकाळी कळलं: रोग नव्हताच. लोकांचा राग दुप्पट झाला. रोग असता तर निदान काही अर्थ होता! भरपाईचा अर्ज घेऊन गेलेल्यांना सांगितलं, गच्चीत पक्षी पाळणं हाच गुन्हा, गुन्ह्याची भरपाई कसली?

उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा प्रत्येक गच्चीवर बदकं ओरडू लागली. नियम तोच, कागदावर तसाच. निरीक्षक यायचा, त्याच्या हातात एक गलेलठ्ठ बदक ठेवलं की त्याला वरचा जिना दिसायचा नाही. हाजी शलबींनी नवी कबुतरं आणली. फक्त आमची गच्ची रिकामी. तफीदा सोसायटीच्या दुकानातली परदेशी, बर्फातली कोंबडी आणायची आणि नळाखाली तासभर धरून ठेवायची.

दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं. एकदा दोघी वर धुणं वाळत घालत होतो, तेव्हा तोंडातून निघून गेलं. "तफीदा, ते विष माझं होतं. टाकीमागे ठेवलं होतं."

तिनं ओली चादर झटकली. "माहीत आहे."

"कसं?"

"कागदावर लिहिलंय. पोटात निळे गहू सापडले. गच्चीच्या किल्ल्या दोन. मी ठेवले नव्हते."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला? तुझ्यावरचा आळ..."

"आळ कसला? खबर मीच दिली होती ना? ते काही खोटं नाही." तिनं चादरीला चिमटा लावला. "तुझं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं? एकीच्या ऐवजी दोघींना वाळीत टाकलं असतं. माझी बदकं परत आली असती का?"

मी रडायला लागले. मला वाटलं, ती जवळ घेईल.

"रडू नकोस," ती म्हणाली. "मी तुला माफ केलं म्हणून गप्प बसले, असं समजू नकोस. त्या दिवशी गाडी यायला पाव तास लागला होता. मी तिथंच उभी होते. कठड्याशी तू दिसलीस मला. मला वाटलं, निरोप द्यायला उभी आहे."

बादली उचलून ती खाली गेली. पुढे ती माझ्याशी भांडली नाही, दार आपटलं नाही. सलामाला जबाब द्यायची, तेवढाच.

तिसऱ्या वर्षी तिचं लिव्हर गेलं आणि त्यातच ती वारली. गावाकडून भाऊ आला, तो तिला घेऊन गेला नाही, इथंच पुरलं. दुखवट्याला सगळी गल्ली आली, मेल्यावर येतात. बिनसाखरेची कॉफी फिरत होती. झकिया माझ्या शेजारी बसली होती, कपात बघत.

"बाई वाईट नव्हती," ती म्हणाली. "पण शेवटी शेजाऱ्यांनाच खड्ड्यात घातलं. तू तर एकाच जिन्यावर राहायचीस तिच्या, तरी गल्लीत कधी बोलली नाहीस तिच्याशी. बरोबर केलंस."

मी मान डोलावली आणि कप पुढे सरकवला.