कांताआत्याकडे जायचं राहून गेलं

माझ्या सख्ख्या आत्याला मी चारचौघांत ‘गावाकडच्या ओळखीच्या बाई’ म्हटलं होतं.

ती परवा गेली. जालन्यात.
मी पुण्यात, मीटिंगमध्ये.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी कांताआत्याच्या एका खोलीत राहिले. ती एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटमध्ये दाणे निवडायची. संध्याकाळी यायची तेव्हा पापण्यांवरसुद्धा धूळ.
तोंड धुवायच्या आधी विचारायची, “काय शिकली गं आज? सांग बराबर.”
मी फिजिक्स सांगायचे. तिला काही कळायचं नाही. पण पूर्ण ऐकायची.

मग पुणे. नोकरी, फ्लॅट.
ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी “करून राह्यले” म्हणाले आणि सगळे हसले.
त्या दिवसापासून मी बोलणं बदललं. कुणी गाव विचारलं की विषयही बदलायचे.

दोन वर्षांपूर्वी आत्या आठ दिवसांसाठी आली. शनिवारी टीममधले चौघे जेवायला होते. आत्यानं धपाटे केले, स्वतः वाढले.
“घ्या की, गार होऊन राह्यलेत.”
एकीनं हळूच विचारलं, “कोण गं या?”
आणि मी ते बोलून गेले.

आत्या शेजारीच उभी होती.
तिनं मलाही एक धपाटा वाढला.

सकाळी तिची पिशवी भरलेली. “उद्या चतुर्थी हाय. राजूरच्या गणपतीला जायचंय मला.”
अजून पाच दिवस राहणार होती ती.

नंतर फोन व्हायचे, पण तो विषय कुणीच काढला नाही. या दिवाळीत मी धीर केला.
“आत्या, त्या दिवशी मी…”
“ऐकलं व्हतं मी. लई वाईट वाटलं. मंग म्हणलं, पोरीला तिथंच ऱ्हायचंय.”
मी रडायला लागले.
“रडू न्हाई. येऊन जा एकदा.”
“येते,” म्हणाले.
गेले नाही.

काल पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. खोलीत प्लांटमधल्या बायका बसलेल्या. त्यांना माझे बारावीचे मार्क पाठ. माझा फ्लॅट कितव्या मजल्यावर, तेही.
मला त्यांच्यातल्या एकीचंही नाव माहीत नव्हतं.

मी बोलायला गेले, तर तोंडातून पुण्याचंच आलं. एकीनं लगबगीनं शेजारून खुर्ची आणली. “बसा मॅडम.”
सगळ्या खाली सतरंजीवर.
मी एकटी खुर्चीवर.
खाली बसायचं होतं मला. तेवढंही सांगता आलं नाही.

आत्या, तुला शेवटचा नमस्कार.
तुझी भाची, शीतल.