वाऱ्याला पाठ देणारे चाचा

भर वाळवंटात समुद्रावर राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे शीडवाले चाचा. ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिराती तेव्हा एक देशही झाल्या नव्हत्या. शारजाच्या आतल्या बाजूला, बोडक्या खडकांच्या पायथ्याशी, आमच्या तेल कंपनीनं बड्या पाहुण्यांसाठी सफारी कॅम्प थाटला होता. तंबूंत गालिचे, स्प्रिंगच्या खाटा, रॉकेलवर चालणारा फ्रिज, असा सगळा राजेशाही मामला. मी तिथला कारकून आणि गोऱ्या साहेबाचा दुभाषी. चाचा बाणकोटच्या खाडीकाठचे, तीन पिढ्या गलबतांची शिडं शिवणाऱ्या घरातले. त्यांना आणलं तंबू शिवायला, पण 'तंबू' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. प्रत्येक तंबू म्हणजे गलबत, आणि प्रत्येकाला वेगळं नाव. एकदा एका मडमेनं न्हाणीघर कुठे म्हणून विचारलं, तर चाचांनी अदबीनं सांगितलं, "सुकाणूच्या बाजूला." त्याचं इंग्रजी करताना माझी पुरेवाट झाली.

दाभण रेटायला तळहाताला बांधलेली चामड्याची पट्टी ते जेवतानाही सोडत नसत. सकाळी उठलं की दाढी वर करून वारा कुठला आहे ते पाहायचं, मगच चहा. झोपायचे मात्र बाहेर, दगडावर. "शिडाखाली झोपायचं नसतं, मुनशी. शिडावर नजर ठेवायची असते," असं मला ऐकवत. तिथल्या खडकांत दगड झालेले शिंपले सापडायचे. तेवढा पुरावा त्यांना बस होता. शिंपला माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "बघ, ओहोटी आहे नुसती. पाणी येईल परत, इन्शाल्ला." मी हसायचो. हसण्यात मी तेव्हा तरबेज होतो.

एका हिवाळ्यात कंपनीचे मोठे पाहुणे येणार होते. साहेबाला वाटलं, त्यांना खाटेवर पडल्या पडल्या सूर्यास्त दिसावा. त्यानं सगळ्या तंबूंची तोंडं पश्चिमेकडे वळवायला सांगितली. चाचा ताडकन उठले. "यांना सांग, तिकडनं शमाल येतो, वाळू उडवणारा वायव्येचा वारा. तोंड तिकडे केलं तर वारा आत शिरेल, पोट फुगेल, शिवण उसवेल. माझी शिवण आजवर उसवलेली नाही. गलबताच्या मालकानं सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं." बरंच बोलले. साहेब घड्याळ पाहत होता. माझी नोकरी नवी, घरी तान्हं मूल. साहेबाला नाही म्हणायची माझ्या जिभेला सवय नव्हती. मी म्हटलं, "ही सेज ओके, सर."

चाचा माझ्याकडे पाहतच राहिले. "मी एवढं बोललो, आणि तू इतक्यात आटोपलंस? इंग्रजी भारीच काटकसरी भाषा आहे, मुनशी." मी मान डोलावली. सांगूनही साहेब ऐकत नाही, असं समजून त्यांनी तंबू फिरवले.

चौथ्या दिवशी दुपारी शमाल आला. पाहुणे जेवणाच्या पक्क्या खोलीत होते म्हणून बचावले. बाहेर सहाच्या सहा तंबू उसवून खडकांवर जाऊन पडले. साहेब लालबुंद होऊन मला म्हणाला, "विचार त्याला, आधी का नाही सांगितलं?"

मी तो प्रश्न मराठीत विचारला. कसा विचारला, ते माझं मला माहीत. चाचांना त्या क्षणी सगळं कळलं. चामड्याची पट्टी सोडत ते म्हणाले, "सांग त्यांना, शीड माझं, चूकही माझी. खलास." तेवढं मात्र मी शब्दाला शब्द लावून पूर्ण सांगितलं.

पुढच्या बोटीनं त्यांना परत पाठवलं. निघताना एवढंच म्हणाले, "पोराला जप."

बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्या गावी गेलो. फार उशीर केला होता. चाचा जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्यांच्या मुलानं चहा दिला आणि खाली पाहत विचारलं, "अब्बांनी परत दाभण हातात धरलं नाही. गावात म्हणतात, त्यांची शिवण उसवली. खरं का?"

तेव्हा अंगणात बसून मी चाचांचं त्या दिवसाचं सगळं बोलणं सांगितलं, शमालपासून गलबताच्या मालकापर्यंत, एकही शब्द न गाळता. मुलगा ऐकत होता. समोर खाडीला ओहोटी लागली होती.