वत्सलामावशीचं मनगट

वत्सलामावशी लग्न होऊन नाशिकला आली, पण माहेरचा सटाणा काही तिच्यातून गेला नाही. बोलणं तिकडचं आणि मांडेही तिकडचेच. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत परातीएवढा मोठा करायचा आणि चुलीवरच्या तापल्या खापरावर अलगद सोडायचा. सगळी करामत मनगटांची. लेकीच्या, म्हणजे ज्योत्स्नाच्या, लग्नात मांडे आपणच करायचे हे मावशीने ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं.

सत्याण्णव साली मोरीत पाय घसरला आणि मावशी उजव्या तळहातावर आदळली. एक्स-रेच्या फोटोत काही मोडलेलं दिसलं नाही. शेजारच्या अंबूबाई गावाकडच्याच. त्यांनी हात धरून ओढला, तसं आत कट् झालं.

"बठनं व माय, बठनं!" अंबूबाई ओरडल्या. हाड जागेवर बसलं म्हणून सगळ्यांना चहा झाला.

मग ते रोजच बसायला लागलं. दूध उतरवताना कट्, कपडे पिळताना कट्. आणि घरातले खुळे दरवेळी खूश होऊन चहा ठेवायचे! पण पुढे हातावरचे मांडे फाटू लागले. मावशी रडली, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे ओढतच नेलं.

त्यांनी मूठ आवळायला लावून पुन्हा फोटो काढला.

"मनगटात आठ लहान हाडं असतात, दोन ओळींत," ते म्हणाले. "कोपराकडच्या ओळीला हलवणारा स्वतःचा स्नायू जवळजवळ नसतोच. शेजारी ढकलतील तशी ती हाडं हलतात. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात ते चिवट पट्टे. तुमच्या या दोन हाडांमधला पट्टा तुटलाय, म्हणून एक पुढे कलंडतं, दुसरं मागे. कट् होतं तेव्हा हाड बसत नाही काकू, घसरतं."

"मंग इतला चहा फुकट गया?" मावशी म्हणाली.

ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, मग महिनोन्महिने व्यायाम. तरी हात पूर्वीइतका मागे वळेना. ज्योत्स्नाचं लग्न नव्याण्णवच्या वैशाखात ठरलं. डॉक्टरांनी एका मांड्याची परवानगी दिली, बाकीचे इतर बायकांनी करायचे.

लग्नाआधीच्या दिवशी अंगणात खापर तापलं. मावशीने उंडा हातावर घेतला, तशा बायका जवळ सरकल्या. मांडा या हातावरून त्या हातावर फिरत वाढत गेला. नेहमीपेक्षा लहानच राहिला, पण खापरावर अख्खा उतरला. आम्ही सगळ्या कान टवकारून होतो. कट् झालंच नाही. मला इतका आनंद झाला की मी ज्योत्स्नाला मिठीच मारली.

अंबूबाई मात्र ओशाळून मागेच उभ्या होत्या. मावशीने मनगट एकदा फिरवून पाहिलं आणि त्यांच्याकडे वळून हसली.

"आज बठनं," ती म्हणाली. "ठेव चहा."